खरड छाटणीचे दिवस : परिस्थिती बदलत नसताना विश्वासानं जगायची रीत

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला तो शिकला आहे. त्यातल्या ‘शिकला’कडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शिकला म्हणजे आधी येत नव्हतं, मध्ये चुकलं, पुन्हा करून पाहिलं. आणि हे त्यानं लिहिलं बंदिवासातून, खटल्याचा निकाल जगणं की मरणं हे ठरलेलं नसताना. सायकल शिकतात, स्वयंपाक शिकतात, तशीच ही शिकायची गोष्ट आहे. हात धरून शिकवलं तर येते. नुसतं ‘विश्वास ठेव’ म्हटल्यानं येत नाही.

लागणारं सामान थोडं आहे. शंभर पानी वही, पेन, पूर्ण बायबल आणि घरात एक ठरलेली जागा. जागा म्हणजे वेगळी खोली नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांनी गॅलरीतली पायरी धरली तरी चालतं, फक्त रोज तीच असावी. मोबाइलवरचं बायबल वाचायला चांगलं आहे, पण पहिले दोन महिने छापील घ्या. मोबाइल उघडला की वचनाच्या आधी हप्त्याचा मेसेज दिसतो.

आधी परिस्थिती आकड्यांत लिहा

‘फार अडचणीत आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा,’ असं आपण चर्चबाहेर पाळकांना किंवा फादरना सांगतो आणि निघतो. या वाक्यावर कुणाला नीट प्रार्थना करता येत नाही आणि मदतही करता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं काढून वहीच्या पहिल्या पानावर सगळं मांडा. नाशिकच्या सातपूरला कंत्राटी कामावर असलेल्या माणसाचं पान साधारण असं दिसेल:

पगार हातात १४,५००. भाडं ४,५००. गावी आईला २,०००. फायनान्सचा हप्ता २,२००, अजून ११ महिने. घरखर्चाला उरतात ५,८००. कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपतं. कंबर दोन महिने धरलेली. बायकोशी पैशावरून बोलणं बंद, मंगळवारपासून.

आता प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहा: ‘मी’, ‘दुसरा’ किंवा ‘देव’. ज्यावर या आठवड्यात स्वतः काही करता येईल तिथे ‘मी’. जिथे कुणाला तरी विचारावं लागेल तिथे ‘दुसरा’, आणि त्याच्यापुढे नेमका काय प्रश्न विचारायचा तेही. कुणाच्याच हातात नाही तिथे ‘देव’. तसं पाहिलं तर सगळंच देवाच्या हातात आहे, हे खरं. पण ही खूण देवासाठी नाही, आपल्या डोक्यातला गुंता सुटावा म्हणून आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे ‘मी’ची ओळ ‘देव’च्या खात्यात टाकणं. कंबरेसाठी दोन महिने प्रार्थना चालू असते आणि सिव्हिलच्या ओपीडीत केसपेपर काढलेला नसतो. दुसरी चूक उलटी: कॉन्ट्रॅक्ट वाढेल की नाही हे आपल्या हातात नसताना रात्री दोनपर्यंत छताकडे बघत तेच उगाळणं. पहिल्या चुकीला लोक विश्वास म्हणतात आणि दुसरीला जबाबदारी, त्यामुळे दोन्ही लवकर पकडल्या जात नाहीत.

यिर्मयाचं पत्र पूर्ण वाचा

यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना पत्र लिहिलं. ते त्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात आहे. त्यातलं ११वं वचन नाशिकच्या निम्म्या ख्रिस्ती घरांत फ्रेम करून लावलेलं असतं: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, तो आशा आणि भवितव्य देणार आहे. फ्रेममध्ये त्याच्या आधीचं १०वं वचन नसतं. त्यात लिहिलंय की हे घडायला बाबेलात ७० वर्षं जावी लागतील. म्हणजे ते पत्र ऐकत असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं.

मागचा २८वा अध्यायही वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना कोण आवडला असेल ते सांगायला नको. आजही ‘या वर्षी तुमचा ब्रेकथ्रू आहे’ म्हणणाऱ्याच्या सभेला खुर्च्या कमी पडतात. पण त्या दोन वर्षांचं काय होतं ते पाहा. दोन वर्षांसाठी कुणी घर बांधत नाही, झाड लावत नाही, शेजाऱ्याचं नाव विचारत नाही. आयुष्य सामान बांधून दाराशी ठेवलेलं राहतं.

यिर्मयानं कैदेत गेलेल्यांना सांगितलेली कामं पाचव्या ते सातव्या वचनात आहेत. घरं बांधा, राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या. आणि ज्या शहरात नेलं आहे त्या शहराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते शहर शत्रूचं होतं, हे ध्यानात घ्या.

अंबडला किंवा सिडकोत भाड्यानं राहणाऱ्याला यातलं काय करता येतं? भिंतीला खिळा ठोकायला घरमालकाची परवानगी काढून कॅलेंडर आणि मुलांचा फोटो लावा. ‘इथं काय कायमचं राहायचंय’ म्हणून तीन वर्षं भिंत मोकळी ठेवणारे खूप आहेत. तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली तीन भोकं पाडून कढीपत्ता लावा. पहिलं वर्ष पानं जपून तोडा. शेजारच्या चार दारांतली नावं वहीत लिहा, मुलांच्या नावांसकट. आणि आठवड्यातला एक दिवस प्रार्थनेत स्वतःचं काहीच मागू नका, शहरासाठी मागा. घंटागाडीवरचे कामगार, गोदावरीचं पाणी, सिंहस्थाच्या गर्दीत बारा-बारा तास उभे राहणारे पोलीस आणि घाट झाडणारे हात. पर्वणी आपली नाही म्हणून गप्प बसायला यिर्मयाच्या पत्रात जागा नाही.

हेतू एका वाक्यात

‘माझ्या आयुष्याचा हेतू काय’ या प्रश्नाची अडचण अशी की तो फार मोठा आहे आणि उत्तर येईपर्यंत माणूस काहीच करत नाही. लहान करून विचारा: पुढचे तीन महिने, याच जागी, याच पगारात, माझ्याकडून कुणाला काय मिळायला हवं? उत्तर पंधरा-वीस शब्दांत बसवा. त्यात एक माणूस, एक काम आणि एक वेळ असावी, आणि शेवटी ‘राहो न राहो’ किंवा ‘मिळो न मिळो’ असं काहीतरी यावं.

कंत्राटी कामगाराचं: शेजारच्या दोन पोरांचं गणित मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी घेईन, कॉन्ट्रॅक्ट राहो न राहो. निफाडच्या बागायतदाराचं: मजुरांच्या टोळीचा हिशेब दर शनिवारी चुकता करीन, द्राक्षाला भाव मिळो न मिळो. अंथरुणाला खिळलेल्या आजीचं: रोज दहा जणांची नावं घेऊन प्रार्थना करीन आणि त्यातल्या एकाला फोन करीन, बरं वाटो न वाटो.

बागायतदाराचं वाक्य काहींना यात धार्मिक काय असं वाटेल. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असं तिथे आहे.

वाक्य फसतं ते ‘झाल्यावर’मुळे. कायम झाल्यावर, लग्न झाल्यावर, कर्ज फिटल्यावर. हा शब्द वाक्यात आला की खोडा आणि नव्यानं लिहा.

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांना या नावामागचं सगळं माहीत असतंच असं नाही. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेल्या इथल्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही वाढली. घर गेलं, भाषा गेली, नाशिकला यायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांना प्रार्थनेबरोबर अक्षरं आणि हातातलं कौशल्य शिकवलं गेलं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेच्या आतल्या भागात मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा दफनाच्या प्रार्थना यानं वाचल्या आणि पुढच्या वर्षी शवाबरोबर तो थेट लंडनपर्यंत गेला. वाचायला शिकताना ते कुठे उपयोगी पडणार आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

रोजची पंधरा मिनिटं

वेळ शिफ्टप्रमाणे बदलते, म्हणून घड्याळाला न बांधता कामाला बांधा: ‘उठल्यावर, चहाच्या आधी’. नाइट करून सकाळी सातला सुटणाऱ्यानं घरी येऊन झोपायच्या आधी करू नये, डोळा लागतो आणि मग अपराधी वाटत राहतं. दुपारी उठल्यावर करावी.

पहिली पाच मिनिटं वाचन. सुरुवात फिलिप्पैकरांच्या पत्रानं करा. चार अध्याय, १०४ वचनं, रोज एक अध्याय. चार दिवसांत संपलं की पुन्हा पहिल्यापासून, असं तीन वेळा. दुसऱ्या अध्यायात पौलाचा सहकारी एपफ्रदीत भेटेल, जो आजारी पडून मरणाच्या दारापर्यंत गेला होता आणि ज्याच्यासाठी पौलाला दुःखावर दुःख झालं असतं असं तो स्वतः लिहितो. आनंद करा म्हणणारं पत्र आणि ही कबुली एकाच कागदावर आहे. त्यानंतर काम गेलेल्यांनी रूथ घ्यावं, न्याय मिळत नाही म्हणून चिडलेल्यांनी हबक्कूक. स्तोत्रं रोज पाच वाचली तर सगळी दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत होतात, पण आजाऱ्यानं एवढी घाई करू नये, एक पुरे.

पुढची सात-आठ मिनिटं गाऱ्हाणं. आपल्याकडे हे शिकवलं जात नाही. उपासनेत स्तुती शिकवतात, उपकारस्तुती शिकवतात, रडायचं कसं ते ज्याचं त्यानं घरी बघावं. १३वं स्तोत्र हा त्याचा उत्तम नमुना आहे. सहा वचनांचं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘कुठवर’ आहे, मधल्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. हाच साचा वहीत उतरवायचा. वर ज्याचं पान पाहिलं त्याच्या हातून साधारण असं येईल:

कुठवर, प्रभू? अकरा महिने हप्ता आणि कंबर उठू देत नाही. तुला दिसतंय ना?
सुपरवायझरशी उद्या बोलायचंय, तोंड उघडायला बळ दे. घरी आज रात्री पहिला शब्द माझ्याकडून येऊ दे.
मागच्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा मालक भाड्यासाठी थांबला होता. ते तुझ्याकडून होतं असं मी धरतो.

भाषा बायबलची नको, घरात बोलता तीच असावी. मागणं त्या दिवसापुरतं आणि नेमकं, म्हणजे रात्री कळतं काय झालं. तिसरी ओळ घडलेल्या गोष्टीवर उभी असावी. मोठमोठी विशेषणं लिहिली की ती आपलीच आपल्याला खोटी वाटतात.

काही दिवस तिसरी ओळ येणारच नाही. ओढून आणू नका. ८८वं स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, भरवशाची एक ओळ शेवटी येत नाही, तरी ते दीडशेत मोजलं गेलंय. अशा दिवशी दोन ओळींवर आमेन म्हणा. मात्र वेळ संपली की वही मिटा. विलापगीताच्या पाच अध्यायांपैकी पहिले चार हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं रचलेले आहेत, बावीस अक्षरं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. शहर जळालं असताना कवी अक्षरं मोजतोय हे विचित्र वाटेल, पण दुःखाला काठ त्यामुळेच मिळतो.

उरलेल्या दोन मिनिटांत हेतूचं वाक्य मोठ्यानं वाचा आणि उठा.

काहीच होत नाही असं वाटतं तेव्हा

साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सगळं कोरडं पडतं. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, गाऱ्हाणंसुद्धा कंटाळवाणं होतं. बहुतेक वह्या इथेच बंद पडतात.

योहानाच्या १५व्या अध्यायात येशू द्राक्षवेलाची उपमा देतो आणि फळ देणाऱ्या फांदीलाही माळी छाटतो असं सांगतो. ही उपमा दिंडोरी-निफाडच्या माणसाला टीकाग्रंथाशिवाय कळते. एप्रिलमध्ये माल निघाला की खरड छाटणी होते. एक-दोन डोळे, म्हणजे काडीवरच्या फुटव्याच्या कळ्या, ठेवून वेल पार भुंडा करतात. या छाटणीतून माल येत नाही, हे परगावच्या पाहुण्याला सांगावं लागतं. फुटवे येतात, काड्या वाढतात, नुसती पानं दिसतात. पण साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या टप्प्यात त्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होतो. पुढच्या हंगामाचा माल तिथेच, उन्हाळ्यात ठरतो. ऑक्टोबरच्या, माल धरायच्या गोडी छाटणीआधी शेतकरी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतो, कारण उघड्या डोळ्यांना ते दिसतच नाही. घड कुठल्या डोळ्यात आहे ते कळलं की त्यापुढे कात्री लावायची.

त्या दिवसांत शेतकरी दोन गोष्टी करतो. काड्यांची गर्दी विरळ करतो, म्हणजे ऊन आतपर्यंत पोचतं. आणि नत्र बेतानं देतो, नाहीतर वेल नुसता माजतो आणि घड गायब. कोरड्या आठवड्यांत नेमकं हेच करा. नवं काही जोडू नका. चाळीस दिवसांचा उपास, रात्रभर जागरण, तीन-तीन सभा, असं जोरानं खत घालायचा मोह होतो, तो टाळा. उलट काढून टाका: पंधरा मिनिटांची दहा करा, वाचन एका परिच्छेदावर आणा. रोजची बैठक तेवढी मोडू नका.

काडी तपासणी महिन्यातून एकदा, शक्यतो पहिल्या रविवारी. वहीत गेल्या महिन्याचं पहिलं पान आणि आजचं शेजारी ठेवून तीनच गोष्टी बघा. ‘मी’च्या किती ओळी खोडल्या गेल्या? हेतूचं काम किती वेळा झालं आणि किती वेळा राहिलं? ‘देव’ लिहिलेल्या ओळींवर रात्री जागणं कमी झालं का? मनाला कसं वाटतंय हे मोजू नका, त्याचा भाव कांद्यासारखा रोज बदलतो.

दोन माणसं

एकट्यानं हे तीन महिन्यांपुढे जात नाही. चर्चमधली दोन माणसं निवडा, ज्यांचे पैसे तुम्ही देणं लागत नाही अशी. रविवारी उपासना किंवा मिस्सा झाल्यावर आवारात अर्धा तास. तीन प्रश्न ठरलेले: ‘मी’ची ओळ झाली का, झोप आणि जेवण कसं आहे, या आठवड्यात कुणाला भेटलास. सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. गुलाबाच्या फुलांवर वचन छापून पाठवणारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या दोन माणसांची जागा घेत नाही.

घरातला जोडीदार या विश्वासातला नसेल तर वही त्याच्यापुढे नाचवू नका. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक हे उदाहरण जवळचंच आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं वाद जिंकून कमी करता आली नसती.

कुठे थांबायचं

नवस. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जरूर जा, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थनाही करा. पण ‘हे झालं तर ते देईन’ असा सौदा मांडू नका. सौदा फिसकटला की विश्वासही जातो. त्याऐवजी नोव्हेनाचे नऊ दिवस वहीतली अडलेली एक ‘मी’ची ओळ रोज पुढे ढकलायला वापरा.

दान. उसने किंवा व्याजानं पैसे काढून दशमांश देऊ नका. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात साफ आहे की देणं असेल त्यातून, नसेल त्यातून नव्हे. आणि आजार बरा करायचे पैसे मागणाऱ्याला, तो स्टेजवर कितीही मोठ्यानं बोलत असो, एक रुपयाही नाही. चालू गोळ्याही डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

मार. नवऱ्याचा मार सहन करणं म्हणजे आपला वधस्तंभ उचलणं, असं कुणी सांगितलं तर ते चुकीचं शिकवतात, मग ते कोणत्याही पदावर असोत. आधी सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

आणि मनाचा आजार. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली, मरणाचे विचार येत राहिले, तर हे पाप नाही आणि वहीनं आटोक्यात येणारंही नाही. पहिल्या राजांच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याचा कुंजा उशाशी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. बोलणं नंतर, चाळीस दिवसांनी. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. पाळकांना सांगा, पण डॉक्टरकडे जाणं त्यासाठी थांबवू नका.

बरे दिवस आले तर

पौल अडचणीत राहायला शिकलो एवढंच लिहित नाही, भरपुरीतही राहायला शिकलो असं लिहितो. दुसरा अभ्यास जास्त जड जातो असा एकूण अनुभव आहे. कायमची ऑर्डर हातात पडली, बागेला भाव लागला, की वही पहिल्या पंधरवड्यात कपाटावर जाते. म्हणून ऑर्डर आली त्याच दिवशी नवं पहिलं पान लिहा: नवा पगार, राहिलेले हप्ते, आणि मागच्या पानावर ज्यांची नावं मदतीत आली होती ती सगळी. ‘मी’, ‘दुसरा’, ‘देव’ पुन्हा लिहा. शेजारच्या पोरांचं गणित मंगळवारी असेल तर या मंगळवारीही घ्या, पेढे त्यांना तासानंतर द्या.